गावपळणीचं कॅलेंडर

मी नोकरीत नेमकं काय करते, हे मला गावात कुणालाच धड समजावता आलं नाही. शेवटी ते आमच्या बाबांनी समजावलं. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी लोक अजून त्यांना रस्त्यात अडवून गाडीची वेळ विचारतात आणि ते सांगतातही. मी पुण्याहून बाडबिस्तरा घेऊन आले तेव्हा शेजारच्या काकींनी विचारलं, की तुमचं चेडू, म्हणजे मी, दिवसभर त्या लॅपटॉपात डोकं घालून करतं तरी काय. मी जीव तोडून सांगायला लागले. बँका आणि फंडवाले ज्या आकडेमोडीवर चालतात तिची एक मोठी लायब्ररी असते, पुस्तकांची नव्हे, प्रोग्रॅमची. ती सी प्लस प्लस नावाच्या अवघड भाषेत लिहिलेली असते, आणि ती वापरणारे लोक पायथन नावाच्या सोप्या भाषेत लिहितात. त्या दोघांच्या मधला जोड मी करते. काकी मान हलवत होत्या, पण त्यांचं लक्ष चुलीवरच्या भाताकडे होतं.

बाबांनी ओटीवरून तोंड घातलं. त्यांनी सांगितलं ते असं: डेपोत गाड्या उघडून ठेवलेल्या असतात, तिथे प्रवाशाला सोडत नाहीत. प्रवाशानं खिडकीत विचारायचं. खिडकीतला माणूस आत बघून येतो आणि प्रवाशाला कळेल अशा भाषेत सांगतो. हिचं काम अशा खिडक्या पाडायचं. काकींना एका मिनिटात पटलं. मला मात्र राग आला. वीस वर्षांची नोकरी माणसानं अशी चार वाक्यांत गुंडाळावी, आणि वर त्यात चूक काढायलाही जागा ठेवू नये.

पुण्यातली नोकरी मी सोडली नव्हती. आई गेल्यावर बाबा इथे एकटे राहिले. मी त्यांना पुण्याला नेऊन बघितलं होतं. आठव्या दिवशी ते स्वतःच स्टँडवर जाऊन चौकशी करून परतीच्या गाडीत बसले आणि मला फोन केला तो कणकवलीहून. मग मी कंपनीत विनंती केली, की मला मालवण तालुक्यातून काम करू द्या. आमची मॅनेजर माझ्याहून आठ वर्षांनी लहान, मला ताई म्हणते, पण कामात भिडस्त नाही. तिनं सहा महिने दिले. त्या मुदतीत एक मोठं काम तिथून पुरं करून दाखवा. जमलं तर कायमचं राहा, नाही जमलं तर ऑफिसात परत या. मला इथे राहायचं होतं, अगदी मनापासून. पण मुदतीचं मी बाबांना काही सांगितलं नाही. उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला, असा माझा शहाणपणा. कंपनीनं मला कायमचं पाठवलंय असंच ते समजून होते.

काम होतं कॅलेंडरचं. पैशांच्या व्यवहारात कुठला दिवस कामाचा आणि कुठला सुट्टीचा, यावर फार काही अडून असतं. रोख्याचं व्याज द्यायचा दिवस रविवारी आला, तर ते सोमवारी द्यायचं. सोमवारी सुट्टी असली तर मंगळवारी. त्या लायब्ररीत देशोदेशींची कॅलेंडरं तयार असतात. आमच्या लोकांना पाहिजे होतं ते निराळंच: त्यांनी पायथनमधून स्वतःचं कॅलेंडर करावं आणि आतल्या इंजिनानं ते आपल्या कॅलेंडरांसारखंच चालवून घ्यावं. त्यासाठी खिडकीच नव्हती. ती मी पाडायची होती.

मी ते काम अर्ध्यावर आणलं होतं तेव्हाच गावपळणीचा कौल झाला. आमच्या गावात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. दिवस ठरला की सगळं गाव घरांना कुलपं लावून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळी. श्वास घेणारं काहीही गावात ठेवायचं नाही. तीन रात्री खाडीपलीकडे झोपड्या बांधून राहायचं. चौथ्या दिवशी सकाळी मानकरी देवळात जातात, देवाला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि परत यायला परवानगी विचारतात. उजवी पाकळी पडली तर घरी. शाळेत असताना माझ्या वाट्याला अशा तीन गावपळणी आल्या आणि दिवाळीची सुट्टी त्यांच्यापुढे काहीच नव्हती. पुण्याला गेल्यावर सगळ्या हुकल्या. यंदाची सोमवारी सुरू होणार होती, आणि मी दोन आठवडे आधीपासून नाचत होते.

त्याच नाचण्यात माझा घोटाळा झाला. नवी खिडकी तपासायला सुट्टीच्या चार तारखा हव्या होत्या. कुणाही शहाण्या माणसानं एक जानेवारी घेतली असती. मी गावपळण घेतली. भारतीय बाजाराचं तयार कॅलेंडर मागवलं, त्यात सोमवार, मंगळवार आणि बुधवार या सुट्ट्या घातल्या आणि मॅनेजरला व्हिडिओ कॉलवर दाखवायला बसले. माझ्या कॅलेंडरानं छान उत्तर दिलं: मंगळवारचं व्याज गुरुवारी. मग तिनं स्वतःच्या मशीनवरून नव्हे, माझ्याच चालू प्रोग्रॅममध्ये बाजाराचं कोरं कॅलेंडर मागवायला सांगितलं. त्यानंही सांगितलं, गुरुवारी.

"ताई, गावपळण तुमच्या गावाची ना? मग मुंबईचा बाजार कशाला बंद?"

झालं होतं असं. लायब्ररी प्रत्येकाला नवं कॅलेंडर देत नाही. आत एकच असतं, आणि जो मागेल त्याला त्या एकाकडेच बोट दाखवते. आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई दुधाचे खाडे लिहायची तसं ते. मला वाटलं मी माझ्या वहीत लिहितेय, आणि मी लिहून ठेवलं होतं सगळ्यांच्या भिंतीवर. हे मला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंही. हौसेच्या भरात विसरले.

मॅनेजर रागावली नाही, आणि तेच वाईट वाटलं. तिनं स्वतःचं मीटिंगांचं कॅलेंडर उघडून सांगितलं, की मुदत पुढच्या आठवड्यात संपते, वरच्या लोकांना तिला उत्तर द्यायचंय, तेव्हा गुरुवारी सकाळी अकराला शेवटचं बघू. नीट चाललं तर तुम्ही तिकडेच. नाहीतर त्यापुढच्या सोमवारपासून पुण्यात. मी हो म्हटलं. सोमवारी बाहेर पडायचं, गुरुवारी सकाळी परत; नऊला घरी, अकराला ओटीवर, वायफायसकट. गणित चोख होतं.

तरी खात्री करावी म्हणून मी शेजारच्या काकांना विचारलं. काकींचे यजमान गावच्या मानकऱ्यांपैकी एक, चौथ्या दिवशी देवळात जाणाऱ्यांतले. मी म्हटलं, गुरुवारी नऊपर्यंत आपण नक्की घरी ना, मला महत्त्वाचं काम आहे. ते सुपारी कातरत होते. कातरायची थांबवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"देवाक आधी सांगूचा नसता गो. इचारूचा असता."

मी मनात म्हटलं, बरं बरं, आणि मॅनेजरला गुरुवार अकराचं निमंत्रण पाठवून दिलं.

सोमवारी दुपारी आम्ही निघालो. दोन बॅटऱ्या, लॅपटॉप, भांडी, चटया, सुकं म्हावरं, तांदूळ आणि बाबांची काबरी कोंबडी. बाबांकडे ही एकच कोंबडी आहे. तिचा तोरा असा, की घर तिच्या नावावर आहे आणि आम्ही भाडेकरू. ती कोनाड्यातून निघेना म्हणून सगळी वाडी आमच्यासाठी दहा मिनिटं खोळंबली. शेवटी बाबांनी तिच्या पायाला दोरी बांधून काखेत मारली आणि घराला कुलूप लावलं.

खाडीपलीकडे पोचलो तर तिथे गावच उभं राहिलं होतं. माडाच्या झावळ्यांच्या झोपड्या, वाळूत खणलेले झरे, तीन दगडांच्या चुली. बायकांनी संध्याकाळ व्हायच्या आधीच फुगड्या सुरू केल्या. बारा महिने कुंपणावरून भांडणारी दोन घरं एका चुलीवर बांगड्याचं तिखलं करत होती. मी दोन फुगड्या घातल्या, तिसऱ्या फुगडीला दम लागला, आणि काकींनी सगळ्यांदेखत सांगितलं की पुण्याचं पाणी निकस. वीस वर्षांत मालवणी माझ्या जिभेवरून उतरली होती. मी बोलायला गेले की अर्धं वाक्य पुण्याचं निघायचं, आणि बाबा म्हणायचे, पुण्याची गाडी लागली. म्हणून मी नाद सोडून शुद्ध मराठीतच बोलायची.

मोबाइलची रेंज फक्त एका काजूच्या झाडाखाली होती. मंगळवारी सकाळी मी तिथे चटई टाकून बसले, आणि बाबा कोंबडीसह माझ्याशेजारी. कारण रेंज त्यांनाही हवी होती. गाव रिकामा म्हटल्यावर एसटी नेहमीच्या थांब्यावर थांबत नव्हती. कुडाळला नि मालवणला कामावर जाणारी माणसं एकेक करून बाबांना विचारायला येत होती, की गाडी किती वाजता आणि कुठून. प्रत्येक वेळी बाबा डेपोत फोन लावायचे, विचारायचे, आणि मग सांगायचे. पाच-सहा जण झाल्यावर माझा संयम सुटला. मी म्हटलं, बाबा, एकदाच विचारून पुठ्ठ्यावर लिहून टांगून ठेवा ना, येईल तो वाचेल. मला कामही करू द्या.

"येळापत्रक भिंतीर आसता," बाबा म्हणाले, "गाडी रस्त्यार आसता." आणि त्यांनी पुढचा फोन लावला.

मी स्क्रीनकडे वळले आणि दोन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, की मी स्वतः आठवडाभर पुठ्ठेच टांगत होते. सुट्ट्यांची यादी आधी करायची आणि इंजिनाच्या गळ्यात घालायची, मग ती दुसऱ्यांच्या कॅलेंडरात सांडू नये म्हणून धडपडायचं. यादी द्यायचीच कशाला? इंजिनाला जेव्हा प्रश्न पडेल, की हा दिवस कामाचा का, तेव्हा त्यानं पायथनच्या बाजूला हाक मारून विचारावं. आजवरच्या खिडक्यांत प्रवासी विचारायचा आणि डेपो सांगायचा. ही खिडकी उलटी: डेपोनं प्रवाशाला विचारायचं. तशी सोय करता येते, फक्त मधल्या फाइलीत त्या एका प्रकारासाठी तसं लिहून द्यावं लागतं आणि सगळा जोड पुन्हा तयार करून घ्यावा लागतो. दुसऱ्या कुणाचं कॅलेंडर बिघडायचा प्रश्नच उरत नाही, कारण आपण त्यावर काही लिहीतच नाही. मला इतका आनंद झाला की मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, की हे मग आठवडाभर आधी त्यांना का नाही विचारलं.

जोड तयार व्हायला पाऊण तास लागायचा. तेवढ्यात एक बॅटरी संपायची. काकांच्या टेंपोत इन्व्हर्टर होता. तिथे सगळ्या गावाचे मोबाइल ओळीनं लावलेले, त्यांत माझी बॅटरी घुसवायला मला काकींचा वशिला लावावा लागला. मंगळवार त्यातच गेला. बुधवारी दुपारी जोड तयार झाला, मी चालवून बघितला, पहिल्या तारखेला उत्तर बरोबर, दुसऱ्या तारखेलाही. तिसरी विचारली आणि प्रोग्रॅम मेला. चूक दाखवणारा संदेश नाही, ओळ क्रमांक नाही, काही नाही. पुन्हा चालवला. ह्या वेळी सातव्या तारखेला मेला. एकदा तर पहिलीलाच. असली चूक सगळ्यांत वाईट, कारण ती पकडायला गेलं की नसते. दुपारचे तीन वाजले होते आणि मला पहिल्यांदा पुण्याचं ऑफिस डोळ्यांपुढे दिसलं. रडू आलं. काजूच्या झाडाखाली बसून मी दोन मिनिटं रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तेवढ्यात खाली वाळूत आरडाओरडा झाला. आमची कोंबडी सुटली होती, आणि सुटून सरळ गावाच्या दिशेनं, घरी निघाली होती. गावात जिवंत काही जायचं नाही म्हटल्यावर ही गोष्ट एकट्या आमच्या घरची राहत नाही. अर्धं गाव तिच्यामागे. मीही धावले. ओहोटीच्या चिखलात गुडघाभर रुतून वाडीतल्या एकानं तिला वेशीच्या अलीकडेच धरलं आणि परत आणलं. मग अर्थातच चौकशी झाली, की दोरी कुणाच्या हातात होती. मी म्हटलं, बाबांच्या. फोन लावायला घेतला तेव्हा त्यांनी ती माझ्याकडे सरकवली होती म्हणे.

"माका वाटला तुया धरलंस," बाबा म्हणाले.

आणि मला वाटलं होतं त्यांनी. म्हणजे दोघांच्याही हातात दोरी नव्हती, आणि दोघांनाही खात्री होती की कोंबडी बांधलेली आहे. मी तशीच चिखलाच्या पायांनी काजूखाली परत आले. पायथनमध्ये झाडलोट आपोआप होते. जी वस्तू कुणी धरून ठेवलेली नाही, ती तो केव्हाही केरात काढतो. मी कॅलेंडर करून इंजिनाच्या हवाली केलं होतं आणि हात सोडला होता. मला वाटलं आता इंजिनानं धरलंय. इंजिनाला वाटत होतं मी धरलंय. मग मध्येच कधीतरी झाडू फिरायचा, इंजिन हाक मारायचं, आणि तिकडे कुणीच नसायचं. गरज असेपर्यंत इंजिनानं ते कॅलेंडर घट्ट धरून ठेवावं एवढंच मी लिहिलं. चार ओळी. पुन्हा पाऊण तास, पुन्हा काकींचा वशिला. उजेड असेतो मी हजार तारखा विचारल्या, एकदाही मेला नाही. त्या दिवशी मी तिसरी फुगडीही पुरी केली.

गुरुवारी सकाळी सगळ्यांनी चटया गुंडाळल्या, भांडी बांधली. मी लॅपटॉपची बॅग पाठीला लावून तयार होते. मानकरी देवळात जाऊन आले. साडेआठला काका खाडीच्या काठावर दिसले आणि त्यांच्या चालीवरूनच लोकांना कळलं. डावी पाकळी पडली होती. मुक्काम एक दिवस वाढला.

बायकांनी हसत चटया उलगडल्या, पोरांनी तर नाचून घेतलं. मी एकटीच मनातल्या मनात देवाशी भांडले. त्याला माझी एवढीच सकाळ मिळाली होती का, असं मी त्याला चक्क विचारलं. बॅटरी अर्धी होती. दुसरी संपलेली. घरचं वायफाय समोर खाडीपलीकडे, काखेत कळसा म्हणावा इतकं जवळ, आणि जायचं नाही. बाबांना म्हटलं, मला अकराला ऑफिसचा महत्त्वाचा फोन आहे, कोंबडी गप्प राहायला हवी. त्यांनी पंचा सोडला, तिला त्यात गुंडाळली, आणि माझ्यापासून चार हातांवर काजूच्या मुळावर मांडीत घेऊन बसले.

अकराला मॅनेजर पडद्यावर आली. पहिला प्रश्न, ताई, पोचलात ना घरी. मी म्हटलं, नाही. एक दिवस वाढला, झाडाखाली बसलेय, बॅटरी तासाभराची आहे. तिनं तासाभराचं गणित मांडलं. मग म्हणाली, तारीख वाढली तर तुमच्या कॅलेंडरचं काय? पुन्हा सगळा जोड तयार करणार?

मी दाखवलं. माझ्या बाजूला फक्त एक छोटी वही होती, प्रोग्रॅममधली. सकाळी कौल कळल्यावर तिच्यात मी आजची नोंद केली होती. इंजिनाला हातही लावला नव्हता. गुरुवार विचारला, इंजिनानं माझ्या कॅलेंडराला हाक मारली, उत्तर आलं, सुट्टी. मुंबईच्या बाजाराचं कोरं कॅलेंडर मागवलं. गुरुवारी बाजार चालू. तिनं स्वतः चाळीसेक तारखा विचारून बघितल्या. मग ती थांबली आणि म्हणाली, आता उद्याची विचारा.

ते मी मुद्दाम ठेवलं होतं. शुक्रवारचा कौल अजून लागलेला नव्हता, तेव्हा सुट्टी म्हणणंही खोटं आणि चालू म्हणणंही खोटं. माझ्या कॅलेंडरनं उत्तर द्यायला नकार दिला, इंजिनानं तो नकार जसाच्या तसा बाहेर आणून दिला, आणि प्रोग्रॅम न मरता पडद्यावर ओळ उमटली: ह्या दिवसाचं अजून विचारलेलं नाही.

मॅनेजर हसली, मग हसायची थांबून विचारात पडली. आमच्या कामात खरी डोकेदुखी याचीच असते. चंद्र दिसण्यावर ठरणारी सुट्टी, आदल्या दिवशी अचानक जाहीर झालेली सुट्टी. आजवर आमचे प्रोग्रॅम अशा वेळी बेधडक काहीतरी तारीख ठोकून द्यायचे, आणि नंतर माणसं निस्तरत बसायची. तिनं ते आणखी दोनदा चालवायला लावलं. मग म्हणाली, "ताई, पुण्याला यायची गरज नाही. तुम्ही राहा तिकडेच." नेमका तेव्हाच पंचाच्या आतून एक दबका आवाज आला. तिनं विचारलं मागे कोण आहे. मी म्हटलं, बाबा. ती म्हणाली, त्यांना नमस्कार सांगा, आणि घरी कधी पोचाल तेवढं कळवा. मी सांगितलं, विचारून कळवते.

फोन ठेवून मी वळले तर बाबा खाडीकडे बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चौकशीच्या खिडकीत जन्म काढलेला माणूस, त्याला अर्ध्या वाक्यावरून कळतं कोण कुठे निघालंय. पुण्याला परत जायचं घाटत होतं हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि मी सहा महिने लपवलं हेही. दुपारी जेवताना मी दोनदा विषय काढायला गेले आणि दोनदा भाताबद्दल बोलले.

शुक्रवारी सकाळी उजवी पाकळी पडली. सगळा गाव ओळीनं खाडी ओलांडून परत निघाला. चार दिवस कुणी नसलेला गाव फार शांत असतो. वाटेवर पाचोळा तसाच पडलेला, त्यावर कुणाचं पाऊल नाही. पुढे गेलेल्यांच्या दारांचे कोयंडे वाजायला लागले. बाबा कोंबडी काखेत घेऊन माझ्यापुढे चालत होते. आमच्या पायरीशी येऊन ते थांबले आणि मागे न बघता बोलले.

"देवाक दोन दोन येळा इचारला. तुका मात्र मी कधी इचारूकच नाय." मग कोंबडी दुसऱ्या काखेत घेत, "तुका हंय रवाचा आसा काय गो? की माझ्यासाठी रवतंस?"

मी त्यांना कधी विचारलं नव्हतं, की मी आलेली तुम्हाला चालेल का. मला खरंच इथे राहायचंय का, हे तेही मला आज पहिल्यांदाच विचारत होते. सहा महिने एका घरात आम्ही दोघं असं धरून चाललो होतो, की दुसऱ्याला आपली गरज आहे.

"माका रवाचा आसा," मी म्हटलं.

ते मी मालवणीत म्हटलं, हे मला म्हटल्यावर कळलं. बाबा वळले. चूक काढतील असं वाटलं, पण त्यांनी काढली नाही.

"मगे ही कोंबी धर," ते म्हणाले आणि कुलपाची किल्ली शोधायला त्यांनी दोन्ही हात खिशांत घातले.